दाराएवढा कंगवा

बुधवार, रात्री

संध्याकाळभर कंगवाच काढत होते. रोजचाच, काळा, प्लॅस्टिकचा, एका टोकाचे दोन दात तुटलेले. कागदावर मात्र तो दाराला टेकून उभा आहे आणि दाराएवढाच उंच आहे.

हे सुचलं बेल्जियन चित्रकार मॅग्रिटच्या ‘पर्सनल व्हॅल्यूज’ या चित्रावरून (१९५२). त्या खोलीत पलंगावर भलामोठा कंगवा उभा आहे, खाली काचेचा अवाढव्य पेला, आगकाडी, कपाटावर दाढीचा ब्रश, आणि भिंतींवर ढगांसकट आकाश. कंगवा, पेला, काडी यांच्यात स्वतःत काहीच विचित्र नाही. मॅग्रिटने त्या अगदी इमानाने रंगवल्यात. बिघडवलंय ते फक्त माप, आणि तेवढ्याने ती खोली माणसाला राहण्याजोगी उरत नाही.

मेरेट ओपेनहाइम या चित्रकर्तीने १९३६ मध्ये विकतचा कप, बशी आणि चमचा फरने मढवला. आकार तोच, फक्त पोत बदलला. ते पाहताना डोळ्यांच्या आधी ओठांना कळतं, म्हणून मला ती कलाकृती फार मोलाची वाटते. मॅन रे या अमेरिकन कलाकाराने १९२१ मध्ये इस्त्रीच्या तळाला खिळ्यांची रांग चिकटवली, तेव्हा फक्त काम उलटलं. कपडा सरळ करणारी वस्तू आता तो फाडेल. प्रत्येकाने एकच गोष्ट हलवली आणि बाकीचं सगळं जपलं. ही तिघं ज्या कलाचळवळीतली, ती सर्रिअ‍ॅलिझम म्हणजे स्वप्नात दिसेल ते ओतत जाणं, असं मला पटत नाही. वितळतं, उडतं, डोळे फुटलेलं असं सगळं एकाच कागदावर आलं की कशाचाच धक्का बसत नाही.

म्हणून तुटलेले दात तसेच ठेवले. ते नसते तर तो कुठलाही कंगवा झाला असता.

खरी मेहनत लागली ती उंचीला. छोटी वस्तू आपण नेहमी वरून पाहतो, आणि तशी काढली की ती कितीही मोठी केली तरी छोटीच वाटते. मग कंगवा फळीवर उभा केला, मी जमिनीवर बसले आणि क्षितिजरेषा पार खाली, त्याच्या पायथ्याजवळ घेतली. वरचे दात एकदम दूर गेले! मग सावलीही लांबवावी लागली, थेट कागदाच्या कडेपर्यंत.

त्याच चळवळीतल्या मॅक्स अर्न्स्ट या चित्रकाराची रीत अगदी वेगळी. १९२५ मध्ये त्याने लाकडी जमिनीवर कागद ठेवून वरून पेन्सिलीचं शिसं घासलं आणि उमटलेल्या रेषांत जंगलं, पक्षी शोधले. दाराचं लाकूड तसंच घासून घ्यायचं मनात आहे, पण त्या रेषांत पक्षी दिसला तर तो पुसावा लागेल. इथे कंगव्याखेरीज दुसरं कुणी नको.

एक गोष्ट अडली आहे. तुटलेल्या दातांच्या फटीतून मागचं दार दिसायला हवं, आणि मला तिथे सारखं पाणी दिसतंय. ते काढलं तर बदल दोन होतील. उद्या आधी दार पूर्ण करते, मग बघू.