हॉल-किचन, नोंद तिसरी: लॅमिनेटचा खरा रंग

हॉल आणि किचनचे फोटो काढण्यावरच्या मागच्या दोन नोंदींत कॅमेऱ्याची उंची आणि उभ्या रेषा मार्गी लागल्या. फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर २४ मिमी लेन्स, उंची हॉलमध्ये ११० सेंमी, किचनमध्ये १२० ते १३०. किचनच्या आकड्याला कारण आहे. ओटा साधारण ८५ सेंमीवर असतो आणि वरची कपाटं १४५च्या आसपास सुरू होतात. कॅमेरा फार खाली गेला की ग्रॅनाइटचा पृष्ठभाग दिसेनासा होतो आणि कपाटाखालच्या एलईडी पट्टीचे ठिपके समोर येतात. टाइल्सच्या सांध्यांवरून कॅमेरा सरळ करणाऱ्यांना एक सूचना: फरशी भिंतीला समांतर बसवलेली असेलच असं नाही. समोरची भिंत आणि छत जिथे मिळतात, ती रेष जास्त भरवशाची.

आता रंग. मॉड्युलर किचनवाल्याचा ग्राहक फोटो बघून लॅमिनेटची शेड निवडतो, त्यामुळे इथे चूक चालत नाही. आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये एकाच खोलीत तीन रंगांचा उजेड असतो: कोव्ह लाइट (छताच्या खाचेत लपवलेला दिवा) ३००० केल्विनच्या आसपास पिवळा, ओट्यावरची पट्टी ६५०० पांढरी, आणि खिडकीतून समोरच्या इमारतीच्या रंगाचा किंवा झाडाचा उजेड. व्हाइट बॅलन्सचा (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून लावायचा) एकच आकडा या तिन्हींना पुरत नाही. एका कोपऱ्यात राखाडी शटर (कपाटाचं दार) बरोबर दिसलं की दुसऱ्या कोपऱ्यात तेच हिरवट होतं.

म्हणून सगळी बटणं बंद करून सुरुवात करायची, पंख्यासकट. पहिली फ्रेम नुसत्या दिवसाच्या उजेडाची: एफ/८, आयएसओ १००, अर्ध्या सेकंदाच्या आसपास, खोली नीट दिसेल इतकी. खिडकी पांढरी झाली तरी हरकत नाही. ट्रायपॉड न हलवता दुसरी फ्रेम फ्लॅशची: एफ/८ तेच, आयएसओ ३२०, १/१६० सेकंद. फ्लॅश कॅमेऱ्याच्या मागे, भिंत आणि छत मिळतात त्या कोपऱ्याकडे वळवलेला. पंख्याखालून वर मारला तर पात्यांची सावली छतावर उमटते आणि ती काढण्यात संध्याकाळ जाते. फॉल्स सीलिंगला लाकडी व्हेनियर असेल तर छतावर मारूच नका, परतणारा उजेड नारिंगी होतो. तिथे पांढरं थर्माकोल उभं करून त्यावर मारायचा. ग्रे कार्ड (रंग जुळवायचा राखाडी पुठ्ठा) याच फ्रेममध्ये, शटरला लागून, त्याच दिशेला तोंड करून. खिडकीजवळ धरलेलं कार्ड खिडकीचा रंग सांगतं, शटरचा सांगत नाही.

फोटोशॉपमध्ये फ्लॅशची फ्रेम खाली, दिवसाची वर, ब्लेंड मोड ल्युमिनॉसिटी (वरच्या लेयरची फक्त उजळता घेणारा), ४० ते ६० टक्के. रंग फ्लॅशचा राहतो आणि सावल्यांची दिशा खिडकीची राहते, म्हणून खोली सपाट दिसत नाही. खिडकीलगतचा पडदा आणि चौकट मात्र अशा वेळी राखेसारखी पडते, कारण वरच्या लेयरमध्ये तिथे सगळं पांढरं झालेलं असतं. तेवढ्या भागावर मास्क लावून वरचा लेयर पुसायचा.

बाहेरचं दृश्य हवं असेल तर तिसरी फ्रेम: कॅमेऱ्याचं शटर १/२००पर्यंत, बाहेरचं नीट येईल असं, आणि फ्लॅश थेट खिडकीच्या चौकटीवर, जोरात. चौकट आणि सेफ्टी ग्रिल खालच्या लेयरमधल्यापेक्षा उजळ झाली की ही फ्रेम वर ठेवून डार्कन मोडमध्ये (दोन्हींतला गडद भाग राहतो) बाहेरचं आपोआप बसतं. काचेत फ्लॅशचं प्रतिबिंब येतं, म्हणून तो बाजूला तिरका धरायचा. सिंक स्पीडच्या (फ्लॅशसोबत चालणाऱ्या सर्वात जलद शटरच्या) वर गेलात तर फ्रेममध्ये काळी पट्टी येते. हाय-स्पीड सिंक (त्या मर्यादेपलीकडे फ्लॅश चालवायची सोय) वापरला तर फ्लॅशची ताकद घटते, आणि इथे ताकदच हवी असते.

दिवे शेवटी. सगळे लावून एक फ्रेम, रॉ फाइलमध्ये तिचा व्हाइट बॅलन्स वेगळा, ३००० ते ३५००च्या दरम्यान, आणि मास्क लावून फक्त कोव्ह आणि लटकत्या दिव्यांपुरती २० ते ३० टक्के. सगळे दिवे लावलेल्या एकाच फ्रेमवर भागवायची घाई डिझायनरला असते; वर दिलेल्या कारणांसाठी ती मान्य करू नये.

चकचकीत ॲक्रिलिक शटरसाठी पोलरायझर (लेन्सवरचा फिरता फिल्टर) उपयोगी, पण अर्धाच. अगदी समोरून धरलेल्या रेषेपासून साधारण ५५ अंशांच्या तिरप्या कोनात तो प्रतिबिंब छान कापतो. समोरून पाहिलेल्या शटरवर काहीच करत नाही, आणि स्टीलच्या चिमणीवरही नाही. शिवाय उजेड दीड ते दोन स्टॉप खातो. फ्रेम चालू असताना तो फिरवला तर लेयर जुळत नाहीत, म्हणून त्याची फ्रेम वेगळी घ्यायची. बाल्कनीच्या सरकत्या दारासमोर तो काढून ठेवा. टफन्ड काचेत निळे-जांभळे डाग उमटतात आणि ते रीटचिंगमध्ये नीट जात नाहीत.

शेवटची तपासणी: डिझायनरकडून त्याच शेडचा लॅमिनेटचा तुकडा मागून घ्या आणि फ्लॅशच्या फ्रेममध्ये शटरजवळ ठेवून एक जादा शॉट घ्या. कॅलिब्रेट केलेल्या मॉनिटरवर तो तुकडा शेजारी धरून जुळवा. धरताना खोलीतला पिवळा दिवा बंद हवा, नाहीतर तुकडाच चुकीचा दिसतो. फाइल एसआरजीबीमध्येच (स्क्रीनसाठीची नेहमीची रंगपद्धत) द्या. ॲडोबी आरजीबीत दिलेली फाइल काही ॲप्समध्ये आणि फोनवर फिकी दिसू शकते, आणि मग तक्रार लॅमिनेटच्या रंगाची येते.