म्हैसूरच्या येझदीची नोंदवही: काय बदलायचे आणि कशाला हात लावायचा नाही

मागच्या नोंदीपर्यंत गाडी पूर्ण खोलून झाली होती. त्यानंतर इंजिनाचे बहुतेक काम मार्गी लागले, रंगाचा निर्णय झाला आणि कागदपत्रांची दिशाही ठरली. वायरिंग तेवढे अजून तसेच पडून आहे. नव्याने वाचणाऱ्यांसाठी सांगतो की ही 1974 मध्ये नोंदलेली येझदी 250 ही दोन स्ट्रोकची मोटारसायकल आहे, म्हणजे म्हैसूरच्या कारखान्याने टाकीवरचे ‘जावा’ हे मूळ चेक कंपनीचे नाव उतरवून ‘येझदी’ चढवले त्याच्या पुढच्याच वर्षातली. मूळ आराखडा चेकोस्लोव्हाकियाचा आणि हात म्हैसूरचा, असे दोन्ही तिच्यात एकाच वेळी दिसते, आणि या कामातली माझी सगळी ओढाताण त्याच गोष्टीभोवती चालली आहे.

रुस्तम इराणी आणि फारोख इराणी यांनी 1960 मध्ये ‘आयडियल जावा’ ही कंपनी काढली आणि 1961 मध्ये म्हैसूर राज्याचे तेव्हाचे राज्यपाल जयचामराज वडियार यांच्या हस्ते म्हैसूरच्या यादवगिरी भागातल्या कारखान्याचे उद्घाटन झाले. सुरुवातीला परदेशातून आलेले सुटे भाग जोडून गाड्या उभ्या राहत. पुढे हळूहळू एकेक भाग इथेच तयार होऊ लागला. 1980 च्या दशकाच्या मध्यावर जपानी तंत्राच्या 100 सीसी गाड्या आल्या, नंतर प्रदूषणाचे नियम कडक होत गेले, आणि 1996 मध्ये कारखाना बंद पडला. 2018 मध्ये जावा आणि 2022 मध्ये येझदी ही नावे बाजारात परत आली खरी, पण त्या गाड्या चार स्ट्रोकच्या आणि सर्वस्वी नव्या रचनेच्या आहेत. जुन्या कारखान्याची आठवण टिकवायची, तर ती त्याच्या जुन्या गाड्यांमध्येच टिकवावी लागेल.

इथे एक अडचण वारंवार समोर येते. युरोपात जावाचे सुटे भाग आजही नवे बनतात आणि घरबसल्या मागवता येतात. ते वापरून गाडी झकास उभी राहते, परंतु म्हैसूरची म्हणून तिच्यात जे होते ते एकेक करून निघून जाते. काही जण तर एक पाऊल पुढे जाऊन येझदीच्या टाकीवर जावाचे बिल्ले लावतात, कारण त्या नावाला भाव जास्त मिळतो. मला हे मुळीच पटत नाही. जुन्या वाहनांच्या ‘फिवा’ या जागतिक महासंघाची ट्यूरिन सनद मूळ द्रव्य शक्य तेवढे राखा, केलेला बदल पुढे उलटवता येईल असा ठेवा आणि त्याची लेखी नोंद करा, असे सांगते. मी तोच क्रम धरला आहे: आधी भाग साफ करून पाहायचा, मग दुरुस्त करायचा, आणि दोन्ही जमले नाही तरच बदलायचा. बदललेला प्रत्येक जुना भाग चिठ्ठी लावून पेटीत जातो.

रंगाच्या बाबतीत या क्रमाचा चांगला उपयोग झाला. बाहेरून गाडीवर नंतरच्या कुणीतरी दिलेला भडक लाल रंग होता, परंतु बाजूच्या डब्याचे झाकण उघडल्यावर आतल्या बाजूला, जिथे ऊन आणि पेट्रोल पोहोचत नाही तिथे, मूळचा मरून रंग जसाच्या तसा सापडला. छटा जुळवण्यासाठी मी पेंटरकडे ते झाकणच नेले. पडद्यावरचे फोटो पाहून रंग जुळवणे हा शुद्ध जुगार आहे. टाकीवरचा वरचा थर पाण्याच्या पॉलिश पेपरने अगदी हळूहळू घासत गेल्यावर खाली पिवळसर सोनेरी लायनिंग, म्हणजे शोभेची रेघ, दिसू लागली. ती ब्रशने, हाताने ओढलेली आहे हे उघड दिसते: रेघ सुरुवातीला भरीव आहे, वळणावर बारीक होते, आणि गुडघ्याच्या जागेजवळ कारागिराने ब्रश उचलून पुन्हा टेकवल्याची बारीकशी गाठ आहे. पेंटरने टेप लावून सरळ रेघ मारण्याची तयारी दाखवली होती. मी नको म्हटले. त्या टाकीला आता नवा रंग लागणार नाही. मडगार्डांवर मूळचे काहीच उरलेले नव्हते, म्हणून ती मात्र जुळवलेल्या मरूनमध्ये नव्याने रंगतील.

इंजिनाच्या आत असला हळवेपणा चालत नाही. तेल आणि हवा अडवणाऱ्या रबरी सीलवर भावना ठेवून गाडी चालत नाही. ज्यांनी या गाड्या खोलल्या आहेत त्यांना ठाऊकच आहे की दोन स्ट्रोकच्या इंजिनात क्रँककेस, म्हणजे पिस्टनखालची बंद पेटी, हाच मिश्रण ढकलणारा पंप असतो, आणि त्याची हवाबंद अवस्था बिघडली की बाकीची सगळी कुशलता वाया जाते. या इंजिनात डाव्या बाजूला प्रायमरी चेन व क्लच आणि उजव्या बाजूला डायनामो असतो. डावे ऑईल सील गेले, तर गिअरचे तेल क्रँककेसमध्ये ओढले जाते, सायलेन्सरमधून पांढरा धूर निघत राहतो आणि तेलाची पातळी गुपचूप उतरते. उजवे गेले, तर बाहेरची हवा आत शिरते, पेट्रोल-हवेचे मिश्रण पातळ होते, इंजिन तापते आणि शेवटी पिस्टन जाम होतो. धूर दिसतो म्हणून पहिला दोष लवकर पकडला जातो, दुसरा मात्र कार्ब्युरेटरच्या नावावर खपतो. दोन्ही सील, सगळे बेअरिंग आणि गॅस्केट नवी घातली आहेत. क्रँक, म्हणजे पिस्टनने फिरणारा मुख्य दांडा, व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल गेजने वाकडेपणासाठी तपासला आणि प्रेसवर सरळ करून घेतला. सिलिंडर आतून कातून (बोअरिंग करून) पुढच्या मापाचा पिस्टन बसवला आहे. 65 मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि 75 मिलिमीटर स्ट्रोक (पिस्टनची धाव) यांचे हे लांब स्ट्रोकचे इंजिन आहे, म्हणूनच खालच्या वेगातही ते कुरकुर न करता ओढते.

क्लचचे काम करताना या आराखड्याबद्दलचा आदर आणखी वाढला. गिअरचा दांडा पायाने दाबताच आतला कॅम क्लच सोडवतो, त्यामुळे चालू गाडीत हाताच्या लिव्हरशिवायही गिअर पडतो. आणि हाच दांडा आत दाबून वर फिरवला की त्याची किक होते. ही यंत्रणा झिजली की लोक ती काढूनच टाकतात आणि साधा क्लच तेवढा ठेवतात. माझ्या गाडीतला कॅम झिजलेला होता. तो वेल्डिंगने भरून, घासून पूर्ववत मापावर आणला. लेथवाल्या काकांनी ‘नवीन का नाही घेत?’ असे विचारले खरे, पण काम मन लावून केले.

सायलेन्सरांचा प्रश्न अर्धाच सुटला आहे. एका सिलिंडरला दोन एक्झॉस्ट आणि दोन सायलेन्सर ही या गाडीची ओळख; बाजारातले नवे सायलेन्सर दिसायला बरे असले तरी आतली नळी वेगळी असते, त्यामुळे आवाज आणि ओढ दोन्ही बदलतात. जुन्यांमधल्या नळ्या काढून साठलेला कार्बन साफ केला आहे. बाहेरचा क्रोम ठिकठिकाणी गेला आहे, पण पत्रा शाबूत आहे, म्हणून तूर्त तेच चढतील.

इंधनाची काळजी नव्या काळाची आहे. सध्याच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतली ओल शोषते, जुने रबर फुगवते आणि उभ्या गाडीच्या टाकीत गंज धरवते. पेट्रोल कॉकचे वॉशर आणि नळी इथेनॉल सोसणाऱ्या रबराची घातली. गाडी फार दिवस उभी राहणार असेल, तर टाकी आणि फ्लोट चेंबर (कार्ब्युरेटरमधली पेट्रोलची वाटी) दोन्ही रिकामे करावे, हे सर्वांनाच सांगेन.

कागदपत्रांबाबत: जुलै 2021 च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षे पूर्ण झालेली, मूळ स्वरूपातली आणि फारसा फेरफार न झालेली दुचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये आहे आणि ती 10 वर्षे चालते. आधीपासून नोंदलेल्या गाडीला तिचा जुना क्रमांक राखता येतो. मात्र अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणे एवढ्यापुरतीच मुभा आहे. माझी गाडी 2024 मध्येच पात्र झाली, तरीही मी तूर्त साधी नोंदणीच नूतनीकरण करून ठेवणार आहे. ही गाडी सकाळी दूध आणायलाही निघाली पाहिजे असे मला वाटते, आणि लोकांच्या नजरेला ती रोज पडणे हेही जतनच आहे.

जुलैच्या दुसऱ्या रविवारी येणाऱ्या जावा-येझदी दिनाला गाडी पोहोचवण्याचा विचार आहे. अशा मेळाव्यांत बक्षीस बहुधा सर्वांत चकचकीत गाडीला मिळते, आणि त्यापायी सुस्थितीतला मूळ रंगही खरवडला जातो. आयोजकांनी न रंगवलेल्या गाड्यांसाठी वेगळा गट ठेवावा आणि परीक्षकांनी झाकणे उघडून पाहावीत, एवढी सूचना मी करणार आहे.

पुढच्या नोंदीत सहा व्होल्टचा डायनामो, रेग्युलेटर आणि कापडी वेष्टणाचे वायरिंग यांचा हिशेब मांडेन. 1973 ते 1975 मधल्या येझदीच्या हेडलाइटच्या आतल्या वायरिंगचे, हात न लागलेल्या अवस्थेतले फोटो कुणाकडे असतील, तर रंगांचा क्रम जुळवायला ते हवे आहेत.