तुम्ही विचारलंत म्हणून: एवढा वेळ कुठून आणता?

"घर सांभाळून भाषांतरं करता, शिवाय वाचनही सुरू असतं. एवढा वेळ कुठून आणता?" महिन्यातून दोन-तीनदा तरी हा प्रश्न येतोच. विचारणारे बहुतेक जण स्वतः दमलेले असतात. त्यांना एखादं अ‍ॅप हवं असतं, नाहीतर पहाटे उठायची युक्ती. माझ्याकडे आहे ती एक शंभर पानी वही, आणि तिच्या प्रत्येक पानावर पट्टीनं मारलेली उभी रेघ.

रेघेच्या डावीकडे सकाळी काम लिहायचं आणि ते किती वेळात होईल याचा अंदाज. उजवीकडे, काम हातावेगळं झालं की खरोखर लागलेला वेळ. पहिल्याच आठवड्यात डावीकडे लिहिलं होतं, ‘दहा पानं भाषांतर, ३ तास’. उजवीकडे लिहावं लागलं, ‘५ तास २० मिनिटं’. वाटलं, मजकूरच किचकट होता. दुसऱ्या दिवशी फोन फार आले, तिसऱ्या दिवशी एका शब्दापाशी अडले. तीन आठवड्यांनी पानं चाळली तेव्हा दिसलं की कारण रोज नवं होतं, फरक मात्र जवळजवळ तोच, पावणेदोन पट. म्हणजे इतकी वर्षं मी आठ तासांच्या दिवसात चौदा तासांची कामं कोंबत होते आणि रात्री स्वतःला आळशी ठरवून झोपत होते. त्या रात्रींचं मला अजून वाईट वाटतं. आळस नव्हताच, हिशेब चुकत होता.

हा हिशेब सगळ्यांचाच चुकतो. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये त्याला ‘प्लॅनिंग फॅलसी’ असं नाव दिलं. पुढे १९९४ मध्ये रॉजर ब्यूलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रबंध लिहीत असलेल्या विद्यार्थ्यांना विचारलं, तुमचा प्रबंध किती दिवसांत होईल? सरासरी उत्तर आलं ३४ दिवस. आणि सगळंच बिनसलं तर? सुमारे ४९ दिवस. प्रत्यक्षात लागले ५५ च्या वर! स्वतः सांगितलेल्या मुदतीत पूर्ण करणारे दहातले जेमतेम तीन. अंदाज करताना आपण पुढचं काम कसं होईल याचं चित्र रंगवतो, मागची तशीच कामं कशी झाली होती ते आठवत नाही. वही माझ्यासाठी तेवढं आठवून ठेवते.

आता ध्येयांचं. ‘जमेल तेवढं कर’ यापेक्षा नेमकं आणि थोडं अवघड ध्येय समोर असलं की काम चांगलं होतं, हे एडविन लॉक आणि गॅरी लेथम या मानसशास्त्रज्ञांनी अनेक वर्षांच्या अभ्यासातून दाखवलं आहे. मला ते पटतं. पण ध्येयातला आकडा उजव्या रकान्यातून यायला हवा. मी आता रोज दहा पानं ठरवत नाही, सहा ठरवते. सहा पानं होतात. संध्याकाळी वही मिटताना छातीवरचं दडपण उतरलेलं असतं, आणि दुसऱ्या दिवशी कामाला बसायची टाळाटाळ होत नाही. कागदावर चार पानं कमी, पण महिन्याअखेरी पूर्वीपेक्षा जास्तच काम पदरात पडतं.

वाचनाचं उत्तर छोटं आहे. ‘यंदा वाचन वाढवायचं’ असं मी बरीच वर्षं ठरवलं, वाढलं नाही. मग ठरवलं, रात्री ओटा पुसून झाला की खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचं आणि वीस मिनिटं वाचायचं. अमुक झालं की तमुक करायचं, अशी सांगड मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांनी बारकाईनं अभ्यासली आहे. ९४ चाचण्यांचा एकत्रित आढावा २००६ मध्ये आला, त्यातही तिचा चांगलाच उपयोग दिसला. माझ्या बाबतीत ओला ओटा हीच आठवण झाली. वेगळा निश्चय करावा लागत नाही.

लहान मूल किंवा आजारी माणूस घरात असलेल्या मैत्रिणी यावर म्हणतात, "अगं, पण माझा दिवस माझ्या हातात कुठे असतो?" त्यांचं म्हणणं अगदी खरं आहे. माझ्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या तेव्हा मी रेघेच्या खाली तिसरी जागा ठेवली होती, ‘अचानक आलेलं’. औषध, उलटी, डॉक्टरांचा फोन, नुसतं जवळ बसणं, सगळं तिथे मिनिटांसकट लिहायचे. पंधरा दिवसांची बेरीज केली तर रोजचे अडीच तास निघाले. दुसऱ्या दिवसापासून तेवढे तास मी सकाळीच कोरे सोडले आणि भाषांतराची पानं सहावरून तीनवर आणली. त्यांनी हाक मारली की पेन खाली ठेवताना माझ्या मनात चिडचिड येईनाशी झाली. तो वेळ आधीच त्यांच्या नावावर लिहिलेला होता.