पॅक-मॅनला उभा स्क्रीनच हवा
घरी बनवलेल्या आर्केडच्या (नाणं टाकून खेळायच्या जुन्या व्हिडिओ गेमच्या) खोक्यात आज स्क्रीन बसला एकदाचा! "मोठा टीव्ही लाव की सरळ," असं जो तो सांगत होता. पण १९८० चा पॅक-मॅन हा गेम मुळात उभ्या स्क्रीनसाठी केलेला, २२४ बाय २८८ पिक्सेलचा. आडव्या टीव्हीवर दोन्ही बाजूंना नुसता काळोख. म्हणून १६०० बाय १२०० चा जुना मॉनिटर उभा केला. चित्र बरोब्बर पाचपट होतं, ठिपका न ठिपका रेखीव. मॉनिटरचं पॅनल मात्र आयपीएस प्रकारचंच घ्या; टीएन प्रकारचं उभं केलं की बाजूला उभ्या असलेल्याला रंग भलतेच दिसतात. गेम चालवणाऱ्या रास्पबेरी पाय या चिमुकल्या कम्प्युटरची एचडीएमआय केबल साध्या अडॅप्टरने मॉनिटरच्या डीव्हीआय या जुन्या सॉकेटला जोडली, आवाजाला स्पीकर वेगळे. (असे गेम जुन्या पेटीसारख्या सीआरटी स्क्रीनवरच शोभतात म्हणणाऱ्यांनो, तुमचं खरंय, पण ते धूड उचलणार कोण?) आता काच बसवायची राहिलीय.