केळीचा विमा अन् 'हद्दीबाहेर' असलेला मी

केळीचा हवामान आधारित फळपीक विमा निघाला एकदाचा. आधार, आठ-अ, पासबुक, पैसे भरणं हे सगळं फॉर्म भरायच्या सेंटरवर चहा येईपर्यंत उरकलं. जीव खाल्ला तो फक्त सातबाऱ्यावर केळी लावायच्या कामानं.

आमचं शेत यावल तालुक्यात, बाग मृगातली. पण उताऱ्यावर अजून आधीचा कापूसच! सेंटरवाला म्हणे, "भाऊ, आधी ई-पीक पाहणी करा, म्हणजे शेतात उभं राहून मोबाईल ॲपवर पिकाची नोंद, त्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही." मग काय, मोबाईल घेऊन बागेत उभा राहिलो, चारी बाजूला केळी, पायाखाली ठिबकची नळी, अन् ॲप म्हणतं तुम्ही गटाच्या हद्दीबाहेर आहात. बांधावर गेलो तरी तेच, विहिरीजवळ गेलो तर मी थेट शेजारच्या गटात! तलाठी आप्पा म्हणे ॲपचा प्रॉब्लेम आहे, हेल्पलाईनला विचारा, हेल्पलाईनवाली म्हणे तलाठ्यांना भेटा, कृषी सहायक म्हणे हे आमच्याकडे येतच नाही भो. अन् इकडे ३१ ऑक्टोबरची मुदत तोंडावर आलेली.

एवढी धावपळ कशाला म्हणाल, तर केळी मूळची आग्नेय आशिया अन् न्यू गिनीकडची, दमट उबदार हवेतली. आपण तिला तापीच्या पाण्यावर खान्देशात वाढवतो, जिथं मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो अन् पौषात सातपुड्याकडून असा गारठा येतो की नवं पान सुटायचं थांबतं, चरका म्हणजे थंडीचा फटका बसतो, निसवणीला (बाहेर पडायला) आलेला घड खोडातच अडकतो. उन्हाळ्यात गरम वारं पानं फाडतं ते वेगळंच. म्हणून विमा हवाच, अन् वाऱ्यासाठी बांधाला शेवरी किंवा गजराज गवत लावाच.

शेवटी गावात पाहणीसाठी नेमलेला सहायक पोरगा आला, त्याच्या लॉगिननं नोंद पडली. हे त्या तिघांपैकी एकानंही आधी सांगितलं नाही, त्याचा राग अजून आहे! ॲप अडलं तर सरळ त्या पोराला गाठा, अन् हद्दीबाहेरच्या मेसेजचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.

आणखी एक, पावती हातात आल्यावर त्यावरचं महसूल मंडळ (तालुक्यातल्या काही गावांचा मिळून भाग) नीट वाचा. थंडी-उष्णतेची भरपाई तुमच्या बागेतली केळी बघून नाही, त्या मंडळाच्या हवामान केंद्रावरच्या पाऱ्यावरून ठरते. शेजारचं मंडळ पडलं असेल तर खुर्चीवरून उठायच्या आधीच दुरुस्त करून घ्या.