लाल दिव्याखालचा अंधार

जुलैमधली सकाळ. प्रयोगशाळेत शिरले तर आमचा एम.एस्सी.चा विद्यार्थी दोन प्लेटा हातात धरून उभा. म्हणाला, "मॅडम, अंधारातल्या नळीतलेही मेलेत."

मेले म्हणजे फाज, जिवाणूंना मारणारे विषाणू. खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल बुडतो. त्याआधीच मुठेच्या पाण्याची बाटली भरून आणली होती आणि त्यातून हे ई. कोलाय या जिवाणूवरचे फाज वेगळे केले होते. त्यांच्यात मिथिलीन ब्लू हा रंग घालायचा, एक नळी प्रकाशात ठेवायची, एक फॉइलमध्ये गुंडाळून अंधारात. रंगाचा रेणू प्रकाश शोषतो, ती ऊर्जा शेजारच्या ऑक्सिजनला देतो आणि तो चेतलेला ऑक्सिजन विषाणूच्या जनुकीय द्रव्यावर, विशेषतः त्यातल्या ग्वानिन या घटकावर, तुटून पडतो. प्रकाश नसेल तर हे घडत नाही. म्हणूनच अंधारातली नळी हा सगळ्या प्रयोगाचा कणा. तिथेही फाज मेले, तर प्रकाशाने काय केलं हे बोलायची सोयच उरत नाही.

त्या प्लेटवर शे-दीडशे प्लाक, म्हणजे जिवंत फाजने जिवाणू मारल्यावर जिवाणूंच्या थरात पडणारे मोकळे ठिपके, दिसायला हवे होते. बोटांवर मोजण्याइतके होते.

मुलाचा चेहरा उतरला होता. चार महिन्यांची मेहनत होती त्याची. मी वही मागितली. रंगाचं प्रमाण बरोबर, फॉइल दुहेरी. मग विचारलं, "फॉइल काढल्यावर पातळ करण्याचं काम कुठल्या उजेडात केलंस?"

"ट्यूबलाइट बंद ठेवली होती, मॅडम. टेबलावर लाल एलईडीची पट्टी लावली. बाबांच्या स्टुडिओत डार्करूमला लालच दिवा असायचा."

इथे मी खुर्चीवर बसले. मिथिलीन ब्लू निळं दिसतं, कारण ते लाल प्रकाश गिळतं. ६६० नॅनोमीटरच्या आसपास त्याचं शोषण सर्वांत जास्त. आमची पट्टी बरोबर तिथलीच. फोटोच्या कागदाला लाल दिसत नाही, म्हणून तिथे लाल दिवा म्हणजे अंधार. या रंगासाठी तोच भर दुपारचा उजेड. चूक त्याची एकट्याची नव्हती. ती पट्टी मीही दोन दिवस पाहत होते.

मला हे इतकं लागायचं कारण आहे. युरोपात १९९०च्या दशकापासून रक्तदात्यांच्या प्लाझ्मावर, म्हणजे रक्तातल्या द्रव भागावर, मिथिलीन ब्लू आणि प्रकाशाची प्रक्रिया करतात, चाचणीतून निसटलेला एचआयव्हीसारखा विषाणू रुग्णापर्यंत पोचू नये म्हणून. हिपॅटायटिस ए सारख्या आवरण नसलेल्या काही विषाणूंपुढे ही पद्धत तोकडी पडते. एवढ्या जबाबदारीच्या कामात 'अंधार' हा शब्द ढिला वापरून चालत नाही.

दुपारी हिरवी एलईडी आणली, ५२० नॅनोमीटरच्या आसपासची. तिथे हा रंग फारच थोडा प्रकाश घेतो. तीही मंद करून, लांब ठेवून, सगळं पुन्हा केलं. आमचे फाज झपाट्याने वाढणारे, त्यामुळे रात्री आठला प्लेटा वाचता आल्या. अंधाराची प्लेट प्लाकांनी भरलेली, प्रकाशाची स्वच्छ. तो मार्करने एकेक ठिपका मोजत राहिला, मी पलीकडून आकडे लिहीत गेले.

निघताना त्याने वडिलांना फोन लावला, स्पीकरवर. सगळं ऐकून ते म्हणाले, "अरे, लाल दिवा कागदाला. सगळे रंग टिपणाऱ्या पॅनक्रोमॅटिक फिल्मला लाल कधीच चालायचा नाही. तिला बघायचंच झालं तर अगदी अंधूक हिरवा, तोही क्षणभर. मला आधी विचारायचंस ना!"