येऊरहून कान्हेरीला जाता येत नाही

ठाणेकरांनो, नकाशावर जाऊ नका. येऊर आणि कान्हेरीची बौद्ध लेणी एकाच संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात असली तरी येऊरच्या गेटातून लेण्यांकडे सोडत नाहीत. ऑफिसातल्या एकाने "सरळ पायवाट आहे" असं छातीठोकपणे सांगितलं, म्हणून मी आणि धाकटा भाऊ सकाळी साडेसहाला तिथे हजर. चौकीवरून परत पाठवलं. मधे बिबट्यांचं जंगल आहे, चौकीवाल्यांचं बरोबरच होतं. खाली आल्यावर बोरिवलीसाठी रिक्षावाल्याने मीटर न टाकता ७०० रुपये घेतले आणि घाईत आम्ही दिले. तुम्ही देऊ नका, ठाणे स्टेशनहून बोरिवलीच्या बस सुटतात.

उद्यानाच्या बोरिवलीकडच्या मुख्य गेटापासून लेणी सहा-सात किलोमीटर. लेण्यांकडे जाणाऱ्या बसची रांग बघून आम्ही चालत निघालो, ही दिवसातली सगळ्यात मोठी चूक. डांबरी रस्ता, शेवटी चढ, अकराचं ऊन. पाय ठीक होते, डोकं तापलं. रांगेत तासभर गेला तरी चालेल, बसनेच जा आणि दम वरच्या लेण्यांसाठी राखून ठेवा. सोमवारी उद्यान बंद असतं. लेण्यांचं तिकीट वेगळं.

तिसऱ्या क्रमांकाचं चैत्यगृह म्हणजे प्रार्थनेचं दालन, ओसरीतले जवळजवळ सात मीटर उंच बुद्ध, सगळे तिथेच फोटो काढून परततात. वर जा. शंभराहून जास्त लेणी आहेत आणि हा विहार, म्हणजे भिक्षूंचा मठ, त्यांनी भरलेला कसा असेल ते वरच कळतं. खोलीत निजायचा दगडी ओटा, बाहेर बसायला बाक, अंगणाच्या कडेला पाण्याचं टाकं. कातळात बोटभर रुंदीचे चर खोदलेत, पावसाचं पाणी त्यांतून टाक्यात उतरतं. एका चरात बोट घालून पाहिलं, आत गार, ओलं शेवाळ होतं.

शिलालेखांत या टाक्याला 'पोढी' म्हटलंय. एक पोढी कल्याणच्या सामिदत्त नावाच्या सोनाराने दान केली. कल्याणचा! आपल्याच जिल्ह्यातला माणूस, दीड-दोन हजार वर्षांपूर्वी इथल्या भिक्षूंच्या पाण्याची सोय करून गेला. ते आठवलं आणि मी तिथेच पायरीवर बसून राहिलो, भाऊ हाका मारत होता तरी.

दोन लिटर पाणी प्रत्येकी न्या. खाऊ पिशवीच्या तळाशी ठेवा, माकडं हातातून ओढतात. परतीच्या शेवटच्या बसची वेळ उतरतानाच विचारून घ्या, आम्ही ती धावत गाठली.